गावकीची बिनतारी सेवा : ती सुधारावी कशी?

कुडाळ तालुक्यातील वालावल गाव ज्यांनी पाहिले आहे त्यांस लक्ष्मीनारायणाचे मंदिर, त्यालगतचा तलाव, माडपोफळींच्या बागा आणि खालून वाहणारी कर्ली नदी एवढे सांगितले की गाव डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु हीच शोभा बिनतारी इंटरनेटच्या आड येते. ज्या लहरींवर आपले वाय-फाय चालते त्यांस टेकडी ओलांडता येत नाही, आणि पावसाने निथळणारी गर्द झाडी त्यांचा बराचसा जोर शोषून घेते. अशा गावी इंटरनेट ही दुकानातून आणून घरात ठेवण्याजोगी वस्तू राहत नाही. शेजाऱ्याच्या छपरावर खांब उभा राहील तेव्हाच आपल्या ओटीवर नेट यावयाचे. म्हणून गावाने मिळून आपल्या मालकीची बिनतारी सेवा चालवावी हा विचार कोकणास विशेष लागू पडतो, आणि अशी सेवा चालविली तर ती सुधारावी कशी, हा प्रश्न आम्ही या खेपेस वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा प्रश्न करमणुकीचा आहे असे ज्यांस वाटत असेल त्यांनी 2020 चा पावसाळा आठवावा. शाळा-महाविद्यालये बंद, शिकवणी फोनवर, आणि फोनला लहर मिळेना. तेव्हा सिंधुदुर्गात शिकणाऱ्या मुलांस टेकडीवर खोप बांधून अभ्यास करावा लागल्याचे वृत्त सर्वांनी वाचले आहे. पुढच्याच वर्षी, 2021 च्या मे महिन्यात, तौक्ते वादळाने किनाऱ्यावरील कित्येक गावांची वीज आणि फोन काही दिवस बंद पाडले. मूळ घरी वृद्ध आईवडील आणि मुलगे-सुना मुंबई, पुणे किंवा परदेशी, अशी आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या कुटुंबाची आजची रचना आहे. त्यांस आपली माणसे सुखरूप आहेत एवढे कळण्यासाठीही तिष्ठत बसावे लागले. एकत्र कुटुंब एका छपराखाली नसले तरी ते एकत्र राहू शकते. पण त्यास जोडणारी वाट शाबूत पाहिजे.

या बाबतीत महाराष्ट्रातच एक चांगला प्रयोग झाला आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्रा. अभय करंदीकर व त्यांचे सहकारी यांनी ‘ग्राम मार्ग’ या नावाने पालघर भागात, प्रथम खामलोली गावी, बिनतारी जाळे उभारले आणि पुढे ते सुमारे पंचवीस गावांपर्यंत नेले. सरकारची फायबर तार फार तर ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत येते; तेथून वाडीपर्यंतचा मधला पल्ला कोणी गाठावा, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी आरंभी दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील रिकाम्या लहरी वापरून पाहिल्या, कारण त्या झाडीतून अधिक सहज पार होतात. मात्र त्यांस सरकारची खास परवानगी लागते. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील पुष्कळ लहरी 2018 साली घराबाहेरच्या वापरासही परवान्यावाचून खुल्या झाल्या, आणि सामान्य गावास आज याच लहरी सोयीच्या आहेत. ‘ग्राम मार्ग’ला 2017 साली मोझिला संस्थेच्या स्पर्धेत सव्वा लक्ष डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले. बक्षिसापेक्षाही आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, सेवेच्या मालकीत गावाचा वाटा असावा आणि ती चालविणारी माणसे गावातलीच असावीत, हा विचार त्या योजनेत होता.

आता सुधारणेकडे वळू. सेवा मंद झाली की पहिला उद्गार निघतो तो ‘मोठी लाईन घ्या’ हा. आमचे म्हणणे असे की, आधी मोजावे. पहाटे पाच वाजता आणि रात्री नऊ वाजता, त्याच घरी, त्याच फोनवर, आठ दिवस वेग मोजून वहीत लिहावा. पहाटेसही वेग मंद असेल तर दोष मार्गात आहे. पहाटे चांगला आणि रात्री मंद असेल तर दोष वाटणीत आहे. या दोन रोगांस औषधे निराळी आहेत.

मार्गातील दोषाचे खापर लोक पावसावर फोडतात. वस्तुतः गावातल्या गावात, मैल-दोन मैलांच्या अंतरात, पावसाच्या थेंबांनी या लहरींचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते ओल्या पानांनी, आणि जोडाच्या सांध्यात शिरलेल्या पाण्याने. खांब उभारताना माड लहान असतो. चार पावसाळ्यांनंतर त्याची झावळी मार्गात डोलू लागते. म्हणून मिरगाच्या आधी दरवर्षी सर्व खांबांवरून नजर टाकून झाडोरा छाटावा, सांधे रबरी पट्टीने घट्ट गुंडाळावेत, आणि तार पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी तेथेच गळून पडते. खारी हवा लोखंड खाते, तेव्हा खिळेपट्ट्या गंजरोधक घ्याव्यात. विजांचा कडकडाट आपल्याकडे पावसाच्या आगेमागे असतो. त्यासाठी खांबास जमिनीची जोड आणि प्रत्येक मुख्य ठाण्यास बॅटरी हवीच. हे काम शेतीच्या बंधाऱ्यासारखे आहे. ते दरवर्षी करावे लागते, आणि एक वर्ष चुकले तर पाणी थांबते.

वाटणीचा दोष अधिक नाजूक आहे. हवेतील मार्ग सर्वांस एकच असतो. एक बोलत असता दुसऱ्यास थांबावे लागते. शंभर मेगाबाइटचा चित्रपट-तुकडा ज्या घरास 100 एमबीपीएस वेगाने मिळतो तेथे तो आठ सेकंदांत उतरतो. ज्या घरी झाडीमुळे वेग पाचच एमबीपीएस आहे तेथे त्यास 160 सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ मार्ग अडतो. तेव्हा टोकाच्या एका घराची अँटेना दोन हात उंच केली, तर लाभ साऱ्या वाडीस होतो. या खर्चास ‘त्यांचा खर्च’ असे कोणी म्हणू नये. तसेच एकच यंत्र लहर घेते आणि तीच पुढे देते अशी साखळी लांबविली, तर दर टप्प्यास वेग सुमारे निम्मा होतो. मुख्य टप्प्यांस दोन यंत्रे द्यावीत हे बरे.

आणखी एक हिशेब पाहा. चाळीस घरांत मिळून 200 एमबीपीएसची एक लाईन घेतली आणि सर्वांनी एकाच क्षणी वापरली, तरी प्रत्येकाच्या वाट्यास पाच एमबीपीएस येतात. समोरासमोर पाहून बोलण्यास दोन-तीन एमबीपीएस पुरतात. म्हणजे चाळीसही घरची आजी-आजोबा एकाच वेळी नातवंडांशी बोलू शकतील, इतकी ती लाईन पुरेशी आहे. ती अपुरी पडते ती एखाद्या घरी मोठा चित्रपट उतरू लागला आणि बाकीची रांग त्याच्यामागे खोळंबली म्हणजे. रांग न्यायाने चालविण्याची तजवीज राउटरमध्ये करता येते. ओपनडब्ल्यूआरटी या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत ती तयारच आहे. ती वापरली तर जड ओझ्यामागे हलके ओझे अडकत नाही.

परंतु न्याय यंत्राने केला तरी नियम माणसांनी ठरवावे लागतात, आणि त्याचा धडा आपल्याच प्रांतात आहे. धुळे-नाशिकाकडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धतीने शेकडो वर्षे सामायिक पाणी वाटले गेले. पाणी सोडण्यासाठी पाटकरी नेमलेला असे, त्याचा मोबदला शेतकरी देत, आणि पाणी तुटले तर कोणत्या फडास द्यावयाचे नाही हे नियमाने ठरे. बिनतारी सेवेसही असा एक पाटकरी पाहिजे, म्हणजे गावातील एक शिकलेला तरुण वा तरुणी, ज्यास ठरलेले वेतन आहे आणि तक्रार आली की दोन दिवसांत जो खांबावर चढतो. फुकटची सेवा उत्साह असेतोवर चालते; पुढे ती कोणाचीच राहत नाही.

हिशेबाच्या बाबतीत स्पेनमधील कॅटलोनियाच्या ‘गुइफी’ जाळ्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. 2004 साली खेडवळ भागात सुरू झालेले ते लोकांचे जाळे आज तीस हजारांहून अधिक ठाण्यांचे आहे. तेथे कोणी जाळ्यात किती भर घातली आणि कोणी किती वापरले, याचा ताळा उघडपणे मांडून फरक भरून काढला जातो. आपल्याकडेही वर्गणी, लाईनचे भाडे, पाटकऱ्याचे वेतन आणि नव्या बॅटरीसाठी साठविलेली रक्कम हे चार आकडे दरमहा पंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. कायद्याचीही वाट आता मोकळी आहे. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत सार्वजनिक वाय-फाय देणाऱ्या लहान केंद्रास परवाना वा नोंदणी-शुल्क लागत नाही. आणि जून 2025 मध्ये दूरसंचार नियामकाने ठरविले की 200 एमबीपीएसपर्यंतच्या लाईनसाठी अशा केंद्राकडून घरगुती दराच्या दुपटीहून अधिक घेता येणार नाही.

आमच्या वाचकांशी मात्र आम्हांस निराळेच बोलावयाचे आहे. सामायिक सेवा बहुधा यंत्र बिघडून मरत नाही. ज्यांस तिच्यावाचून भागते ती घरे प्रथम अंग काढून घेतात, त्यामुळे ती मरते. ज्या घरी परगावचा पैसा येतो त्या घरी स्वतंत्र तार उद्या येईल. मग वर्गणी थांबेल, आणि सभेत चार शब्द शुद्ध लिहिणारा, हिशेब तपासणारा माणूसही त्याबरोबर जाईल. गावच्या विहिरीचे असेच झाले. घरोघर पंप बसले, गाळ काढणारे हात कमी झाले, आणि ज्यांस पंप परवडला नाही त्यांच्या वाट्यास गढूळ पाणी आले.

आणि जुन्या पाणवठ्याची आठवण काढावयाची तर ती पुरती काढावी. सार्वजनिक म्हटलेले पाणी सर्वांचे नव्हते. सरकारी व सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली झाला, तरी याच कोकणात, महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला. ती अडवणूक करणाऱ्यांत आपल्यासारखी शिकलेली घरे होती, हे विसरता कामा नये. लहरींस कोणी सोवळे-ओवळे लावणार नाही हे खरे. परंतु खांब प्रथम कोणत्या वाडीत उभा राहतो, सभा कोणाच्या ओटीवर भरते, आणि ‘तेथे लहर पोचत नाही’ हे कोणत्या वस्तीविषयी सांगितले जाते, याकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. टोकाच्या वस्तीस लहर पोचत नसेल तर त्याचा अर्थ आणखी एक खांब हवा, एवढाच आहे.

तेव्हा वाचकांस आमची विनंती थोडक्यात अशी. घरी स्वतंत्र तार आली तरी सामायिक सेवेची वर्गणी चालू ठेवावी; एक मार्ग तुटला तर दुसरा असावा, हे वादळाच्या दिवसांत स्वार्थानेही पटेल. परगावी असलेल्या मुलांनी मूळ घराच्या नावे वर्षाची रक्कम एकदम भरावी. मे महिन्याच्या सुटीत घरी येणाऱ्या तरुणांनी दोन दिवस खांब तपासण्यास द्यावेत. समितीत निम्म्या जागी स्त्रिया असाव्यात, कारण दिवसभर घरी राहून सेवा कधी चालते आणि कधी चालत नाही हे त्यांसच ठाऊक असते. आणि घरातही हाच नियम चालवावा : ज्याची परीक्षा त्याचा हक्क पहिला, आजारी माणसाचा त्याहून पहिला, करमणूक शेवटी, मग ती करमणूक वडिलांची का असेना.