‘एरर’ म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरवा

संख्याशास्त्रातल्या ‘एरर’ या शब्दाच्या व्याख्येवर बहस करणं म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असं मानणारे बरेच आहेत. ‘जाणकाराला संदर्भावरून कळतं हो’, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मला ते मुळीच पटत नाही.

बीएडला मूल्यमापन शिकताना प्रमाण विचलन येतं, प्रमाण त्रुटी येते, मापनाची प्रमाण त्रुटीही येते. सूत्रं पाठ होतात, पेपर सुटतो, विषय संपतो. आता हा हिशोब बघा. ४०० मुलांनी परीक्षा दिली, गुणांचं प्रमाण विचलन १० आलं. मग सरासरीची प्रमाण त्रुटी म्हणजे १० भागिले ४००चं वर्गमूळ, अर्थात ०.५. परीक्षेची विश्वसनीयता ०.८४ धरली तर एकेका मुलाच्या गुणांमधली मापनाची प्रमाण त्रुटी येते ४. तिन्ही आकडे बरोबर, आणि तिन्ही त्याच ‘±’ चिन्हापुढे छापता येतात. ३५ला पास असेल आणि पोराला ३४ पडले असतील, तर समोर कुठला आकडा आहे यावर सगळं ठरतं. ०.५ बघणारा म्हणेल, मोजमाप चोख आहे, नापास करा. ४ बघणाऱ्याला कळेल की ३४ आणि ३५ यांत फरक करण्याची या परीक्षेची कुवतच नाही. ०.५ हा आकडा वर्गाच्या सरासरीचा, त्या पोराचा नव्हेच. पण कागदावर नुसतं ‘एरर’ लिहिलं असेल तर हे सांगणार कोण?

आता हेच काम संगणकाकडे जातंय, आणि संगणकाला संदर्भ वगैरे कळत नाही. म्हणून संशोधक सामाईक संकल्पनाकोश बांधतात, त्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. जीवशास्त्र आणि वैद्यकासाठी ‘ओबीओ फाउंड्री’च्या छत्राखाली असे अनेक कोश आहेत, संख्याशास्त्रासाठी ‘स्टॅटो’ आहे. तिथे प्रत्येक संकल्पनेला क्रमांक असतो आणि व्याख्येचा साचा ठरलेला: अमुक ही तमुक प्रकारची गोष्ट, जिचा विशेष हा. या साच्यात बसवायला गेलं की गोंधळ उघडा पडतो.

मापनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय शब्दकोशात एरर म्हणजे मोजलेली किंमत वजा संदर्भ किंमत. ती अधिक असू शकते, उणेही. प्रमाण त्रुटी मात्र कधीच उणे नसते, कारण ती अंदाजाचं प्रमाण विचलन असते. म्हणजे नाव त्रुटीचं, घराणं विचलनाचं. नाव बघून तिला त्रुटीच्या खाली टाकली की कोश पहिल्याच पायरीवर चुकला. आणि ‘पहिल्या प्रकारची त्रुटी’? नेमन आणि पिअर्सन यांच्या १९३३च्या मांडणीत ती म्हणजे खरं गृहीतक नाकारणं. हा आकडाच नाही, निर्णय आहे. तसा निर्णय होण्याची संभाव्यता हा आकडा, पण ती पुन्हा वेगळी गोष्ट.

‘एकमत कधी होत नसतं’ म्हणणाऱ्यांनी मापनशास्त्रज्ञांकडे बघावं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ३२ राष्ट्रीय प्रयोगशाळांना प्रश्नावली पाठवली, २१ जणांनी उत्तरं दिली. १९९३ साली सात आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नावाने मार्गदर्शिका निघाली, आणि ‘एरर’ व ‘अनिश्चितता’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यात साफ लिहिलं गेलं. वेळ लागला, पण झालं.

ऑन्टॉलॉजीवाल्यांशीही माझं एक भांडण आहे. व्याख्या इंग्रजीत पक्की करायची आणि बाकी भाषांना फक्त नावापुरतं लेबल द्यायचं, ही वाटणी मला मान्य नाही. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दूत ‘ख़ता’ म्हटलं की कानावर कसूर येतो, कुणीतरी गुन्हेगार हवा असतो. मराठीत ‘त्रुटी’ म्हटलं की काहीतरी कमी पडलंय असं वाटतं. ‘इन्हिराफ’मध्ये तर तोंड फिरवण्याचा, बंडाचा वास आहे. नुसतं लेबल लावलं की हे सगळे अर्थ मुलांच्या डोक्यात शिरतात, आणि ‘सरासरीची प्रमाण त्रुटी’ ऐकून ते विचारतात, चुकलं कोण? कुणीच चुकलेलं नसतं. म्हणून क्रमांक एकच असू द्या, पण अख्खी व्याख्या मराठीत आणि उर्दूत लिहा. नाव त्यानंतर ठरवू. जुनी नावं पर्याय म्हणून राहू द्यात, कुणाची पुस्तकं जाळायला सांगत नाही.

तोवर पाठ्यपुस्तकांत आणि अहवालांत एवढं तरी करता येईल: ‘±’च्या शेजारी तो आकडा विचलन आहे, सरासरीची त्रुटी आहे की मापनाची, हे दोन शब्दांत लिहायचं. गुणपत्रिकेवर तर तो ४ कधी छापलाच जात नाही. तो मसला मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन.