मुलांची माती होऊ द्या!

मी बँकेत कारकून आहे. गेली बावीस वर्षे कारकूनच आहे. प्रमोशन घेतले की बदली येते आणि बदली आली की पुणे सुटते, म्हणून मी दोनदा लेखी नकार देऊन अधिकारी व्हायचे टाळले. आता ज्या माणसाने पुण्याच्या मातीसाठी खुर्ची सोडली, त्याच्या मुलीला त्याच पुण्यात खेळायला मूठभर माती मिळू नये, याला काय म्हणावे? आमची आई याला कर्म म्हणते. मी याला ठराव क्रमांक ७ म्हणतो. का, ते पुढे येईलच.

आधी आमच्या बाईसाहेबांची ओळख करून देतो. वय वर्षे अडीच. माझे वय सेहेचाळीस. लग्न उशिरा झाले, मूल त्याहून उशिरा. बागेत परवाच एका मावशींनी कौतुकाने विचारले, "नात का?" मी "मुलगी" म्हटल्यावर, सही न जुळणाऱ्या खातेदाराकडे आम्ही जसे पाहतो तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले.

बाईसाहेबांचा शब्दसंग्रह अजून बेताचा आहे, पण त्यातला पहिला दमदार शब्द म्हणजे "खाली". सकाळी डोळे उघडले की खाली. दूध पिता पिता खाली. पावसात खाली, उन्हात खाली, रात्री अकराला लाइट गेले की खालीच. मूल चालायला लागले की त्याला जमीन हवी असते, एवढी साधी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून ठेवले आहे की या वयाच्या मुलाने दिवसातून निदान १८० मिनिटे हालचाल करावी आणि पडद्यासमोर तासाभरापेक्षा जास्त बसू नये. १८० मिनिटे म्हणजे आमच्या काउंटरचा सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंतचा वेळ. तेवढ्या वेळात मी जागेवरून हलत नाही हा भाग वेगळा. पण तिने हलायचे कुठे?

तुम्ही म्हणाल, बागेत जा. गेलो ना! आमच्या जवळची बाग दुपारी बंद असते. उघडी असते तेव्हा दारातच पाटी: हिरवळीवर बसू नये. आत गेलो तर चालायच्या पट्ट्यावर ज्येष्ठ नागरिक असे काही वेगाने चालत येतात की अडीच वर्षांच्या माणसाने जीव मुठीत धरून पळावे. एका कोपऱ्यात हास्यक्लब. त्यांचे सामुदायिक हास्य ऐकून बाईसाहेबांनी सामुदायिक म्हणावे असे एकटीने भोकाड पसरले. घसरगुंडी आहे, पत्र्याची. चारच्या उन्हात तीवर पापड भाजता येईल. आणि तिच्या पायथ्याशी, जिथे आमच्या लहानपणी वाळू असायची, तिथे आता रबराची चटई आहे. चटईशेजारी हातात जंतुनाशकाची बाटली घेतलेल्या आया. "बेटा, नो! डर्टी!" बेटाने एक वाळके पान उचललेले असते. पान कसले डर्टी हो? ते झाडावरून आले, बेटा लिफ्टमधून आला.

मला खरे भांडण करायचे आहे ते या "डर्टी"शी. आपण मराठी माणसांनीही मातीची बदनामी काही कमी केलेली नाही. चूक केली की माती खाल्ली. धंदा बुडाला की मातीत गेला. जन्मभर हाडाची माती करायची आणि वस्तूला किंमत आली नाही की ती मातीमोल. मातीमोल म्हणे! आता मातीचे मोल मी हिशेबाने सांगतो, बी.कॉम. आहे, एवढा अधिकार मला असावा.

गेल्या महिन्यात आमच्या सौ.नी घरी एक खोका मागवला. त्यात एक किलो वाळू होती. गुलाबी. हाताला चिकटत नाही, सांडली तरी गोळा होते, म्हणजे वाळूचे सगळे गुण काढून घेतलेली वाळू. किंमत ५९९ रुपये. मी सवयीने हिशेब केला. बांधकामाची वाळू ब्रासवर मिळते. एका ब्रासात निदान चार हजार किलो भरते. या दराने एक ब्रास वाळू जवळजवळ चोवीस लाखांना पडेल! एवढ्या रकमेचे कर्ज मागायला कोणी आले तर आम्ही आधी जमीन तारण मागतो. जमीन म्हणजे पुन्हा मातीच.

पण खरी मौज पुढेच आहे. मी सोसायटीचा खजिनदार. बँकेत असलेल्या माणसाला सोसायटीत दुसरे काही होताच येत नाही. त्या खोक्याचे पैसे दिले, आणि त्याच रात्री जुन्या फायली लावताना एक बिल हाती आले: पेव्हर ब्लॉक बसवणे, १२ बाय १५, एकूण १८० चौरस फूट, दर ६५ रुपये, एकूण ११,७०० रुपये. खाली चेकवर माझी सही. ही १८० चौरस फूट म्हणजे आमच्या आवारातली शेवटची उघडी माती होती. पारिजातकाखालचा कोपरा. इतिवृत्ताची वही काढली. ठराव क्रमांक ७: "सदर जागेत पावसाळ्यात चिखल होतो व मुले तो जिन्यात आणतात, सबब तेथे फरशी करून दोन वाहनांची सोय करावी." सूचक, सेक्रेटरी. अनुमोदक, मी! अक्षरही माझेच, वळणदार. तेव्हा मला मूल नव्हते, स्कूटर होती.

१८० मिनिटे आणि १८० चौरस फूट. आमच्याकडे दोन आकडे जुळले की माणूस टेबल आवरून घरी जायला मोकळा होतो. त्या रात्री मी तिथेच बसून राहिलो.

आईला सांगितले. ती म्हणाली, "तू त्या वयाचा होतास तेव्हा तुळशीवृंदावनातली माती खायचास. मी तोंडात बोट घालून काढायची."

"मग यशोदेसारखं विश्व दिसलं का?"

"जंत दिसले. औषध दिलं, बरा झालास. म्हणून काय कोणी अंगण उचलून टाकतं?"

अंगण! हा शब्द आता फक्त सरकारदप्तरी उरला आहे. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी भागात पाहिले की मुले शाळेपर्यंत येत नाहीत. मग त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. त्यातून अंगणवाडी आली, आणि २ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाल्यावर हा शब्द देशभर गेला. आमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांचे नेमके उलटे आहे. शाळा जिन्याच्या तोंडाशी बस पाठवते, प्ले-ग्रुप म्हणू नका, नर्सरी म्हणू नका, सगळे आहे. अंगण तेवढे नाही. मग मॉलमध्ये तासावर पैसे भरून, खास मोजे विकत घेऊन, प्लॅस्टिकच्या चेंडूंत पोराला बुडवून काढायचे. गणपतीच्या आधी शाडूच्या मातीची कार्यशाळा, प्रवेशमूल्य भरून. दिवाळीत किल्ल्यासाठी पोत्यातून विकतची लाल माती, तीही पार्किंगमधल्या फरशीवर पसरायची. त्यावर अळीव पेरायचे, मावळे उभे करायचे आणि भाऊबीज झाली की झाडून पुन्हा पोत्यात. महाराजांनी एवढे किल्ले बांधले, पण एकालाही मेंटेनन्सवाल्यांची परवानगी लागली नसेल!

आता एक प्रसंग सांगतो, तो विनोदी नाही. पारिजातक अजून उभा आहे. त्याच्या बुंध्याभोवती फूटभर भोक ठेवून फरशी केलेली आहे. फुले पडतात ती गाड्यांखाली. एका रविवारी बाईसाहेब ती वेचत होत्या. मी शेजारीच होतो. शाखेच्या ग्रुपवर कोणीतरी "शुभ सकाळ" लिहून उगवता सूर्य पाठवला होता, तो मी पाहत होतो. खरा सूर्य डोक्यावर होता. एक गाडी मागे येऊ लागली. चालवणारा आमच्याच सोसायटीतला, सज्जन माणूस. आरशात अडीच फुटांचे मूल दिसत नाही, त्यात त्याचा दोष नाही. वॉचमन ओरडला आणि त्यानेच तिला उचलले. गाडी आणि ती यांच्यात वीतभर अंतर असेल. तिच्या मुठीत फुले तशीच होती. एक तिने वॉचमनला दिले. सौ.ला हे सांगायला मला दोन दिवस लागले.

म्हणून मी वार्षिक सभेत विषय मांडला: ठराव ७ रद्द करून फरशी उखडावी. तयारी भक्कम केली होती. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेचे ३१वे कलम, ज्यात खेळण्याचा हक्क आहे, ते वाचले. भारताने ती संहिता १९९२मध्ये स्वीकारली. "आपली सोसायटी केव्हा स्वीकारणार?" असे विचारले. कोणी हसले नाही. मग फिनलंडचे २०२०चे संशोधन काढले. तिथल्या काही पाळणाघरांच्या आवारात जंगलातली माती, गवत आणून टाकले, मुलांना २८ दिवस त्यात खेळू दिले, आणि त्यांच्या अंगावरचे नि पोटातले उपयोगी जंतू वाढून प्रतिकारशक्तीच्या तपासण्यांत चांगला फरक दिसला.

सेक्रेटरी म्हणाले, "फिनलंडमध्ये भटकी कुत्री आवारात येत नाहीत."

हे खरे असावे. कुत्र्यांचा प्रश्न मलाही मान्य आहे. त्याला जाळी लावता येते, झाकण टाकता येते, चाळून माती बदलता येते. गाडीला झाकण टाकून मूल वाचत नाही. हे मी म्हणणार, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक उठले. "खजिनदारसाहेब, मातीत मूल सोडलं की काय होतं ते गोरा कुंभाराच्या घरी झालेलंच आहे."

सभा खूश झाली. कोणी टाळीही दिली. मला एरवी उत्तरे जिन्यात सुचतात, पण त्या दिवशी जागेवरच सुचले. "सर, तिथे दोष मातीचा नव्हता. बापाचं लक्ष नव्हतं. गोरोबांचं निदान विठ्ठलात तरी होतं..." एवढे बोललो आणि तो उगवता सूर्य आठवला. पुढचे वाक्य तयार होते, ते बोलवेना. खाली बसलो. अध्यक्षांना वाटले, माझे संपले. मतदान झाले. बाजूने ६, विरुद्ध १५. इतिवृत्त मीच लिहिले.

दुसरे दिवशी काउंटरवर रबर बँड काढायला खिशात हात घातला तर तीन खडे निघाले. बाईसाहेबांनी रस्त्याकडेला वेचून माझ्याकडे ठेवायला दिले होते. गर्दीची वेळ, मी ते टोपलीत टाकले. संध्याकाळी दारातच तिने हात पुढे केला, "माझे खडे?" बावीस वर्षांत ठेव मागायला आलेल्या माणसाला मी रिकाम्या हाताने परत पाठवलेले नाही. खाली जाऊन दुसरे तीन घेऊन आलो. तिने एकेक निरखून पाहिला आणि म्हणाली, "हे नाही." व्याजाचे सोडा हो, मुद्दलच बुडाले होते.

खडे गेले ते गेले, पण मागल्या सोमवारी तळमजल्यावर दुरुस्तीचे काम निघाले आणि आवारात, बरोबर पारिजातकाजवळ, वाळूचा ढीग पडला. दगड भरडून केलेली करडी वाळू. त्यामुळे त्या दोन जागांवर गाड्या लावता येईनात. तासाभरात अकरा मुले जमली. आपल्या सोसायटीत अकरा मुले आहेत हे मला ठाऊक नव्हते. मेंटेनन्सच्या वहीत त्यांची नोंद नसते. जंतुनाशकाची बाटली घेऊन आलेल्या एक बाई ती बाटली बाजूला ठेवून बोगदा खणायला बसल्या.

संध्याकाळी सेक्रेटरी पुठ्ठ्याची पाटी लिहून आले: "वाळूत खेळू नये." त्यांचा बंगळूरहून सुट्टीला आलेला नातू ढिगावरच बसला होता, आमच्या बाईसाहेबांशेजारी. दोघांनी मिळून लाडू वळले होते. त्याने एक आजोबांपुढे धरला. "आजोबा, खा." त्यांनी इकडे तिकडे पाहिले, पाटी काखेत धरली, आणि लाडू तोंडाजवळ नेऊन "वा! वा!" असा आवाज काढला.

"अजून एक खा," बाईसाहेब म्हणाल्या.

पाटी आता बोगद्यावर पूल म्हणून टाकलेली आहे. गवंडी म्हणतो, वाळू गुरुवारपर्यंत पुरेल. मी गुरुवारपर्यंत रजा टाकली आहे. मोबाइल घरी ठेवून खाली जातो.