आवाज नको, शब्द हवेत

शेंद्र्यात आमच्या घरासमोरून दिवसभर जालना रोडचे ट्रक धावतात. इअरफोनवर भक्तामर लावलं की सासूबाई म्हणायच्या, "आवाज वाढव गं, शब्दच कळत नाहीत." मी वाढवत राहिले आणि त्यांचे कान दुखू लागले.

माझं मत ऐका, आवाज वाढवूच नका. मी ॲपच्या इक्वलायझरमध्ये बास कमी केला, मधले स्वर थोडे वर घेतले. कानात घट्ट बसणारे, वायरचे इअरफोन आणले. बाहेरचा गोंगाट अडला की कमी आवाजही पुरतो. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित मानते. स्तोत्र आधीच डाउनलोड करून फोन फ्लाइट मोडवर ठेवते, म्हणजे मधेच फोन वाजत नाही. आता सासूबाई ४८ही काव्यं सोबत म्हणतात.