विश्लेषण : अकाउंट्समधून थेट ‘सॅप’ सल्लागार… ही वाट खरेच खुली आहे का?

जगभरातील हजारो कंपन्यांचे हिशेब ज्या संगणक प्रणालीवर चालतात, त्या ‘एसएपी ईसीसी’ची नियमित देखभाल २०२७ अखेर संपणार आहे. नव्या प्रणालीवर जाण्याच्या लगबगीत हिशेब जाणणारे सल्लागार हवे आहेत. त्यामुळे अकाउंट्स विभागांत, सीए फर्ममध्ये काम करणारे अनेक जण ‘सॅप फायको’चा क्लास लावतात. मागणी खरी आहे, पण ती नेमकी कोणाला आहे?

ही मागणी आली कुठून?

आयबीएम सोडलेल्या पाच अभियंत्यांनी १९७२ मध्ये जर्मनीत एसएपी स्थापन केली. (अधिकृत उच्चार एस-ए-पी, हिंजवडीत मात्र ‘सॅप’च.) तिचे पहिले तयार सॉफ्टवेअरच वित्तीय हिशेबाचे होते. पुढे खरेदी, विक्री, उत्पादन, साठा हे सारे एकाच प्रणालीत आले. अशा प्रणालीला ईआरपी म्हणतात. ईसीसी हे तिचे जुने रूप, तर २०१५ मध्ये आलेली ‘एस/४हाना’ ही नवी पिढी. ईसीसीची देखभाल आधी २०२५ मध्येच थांबायची होती. फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीने ती २०२७ अखेरपर्यंत वाढवली. त्यापुढे २०३० अखेरपर्यंत देखभाल हवी असल्यास जादा पैसे मोजावे लागतील.

हा बदल म्हणजे फोनचे अपडेट नव्हे. जुन्या प्रणालीत वित्तीय हिशेब आणि खर्च नियंत्रण यांच्या नोंदी वेगवेगळ्या तक्त्यांत राहत आणि त्यांचा मेळ घालत बसावे लागे. नव्या प्रणालीत त्या ‘युनिव्हर्सल जर्नल’ या एकाच जागी जातात. ग्राहक आणि पुरवठादार यांच्या स्वतंत्र नोंदींऐवजी एकच ‘बिझनेस पार्टनर’ असतो. साहजिकच स्थलांतर करण्याआधी वर्षानुवर्षे न जुळलेली खाती साफ करावी लागतात. हे काम प्रोग्रॅमरपेक्षा शिल्लक जुळवण्याची सवय असलेल्या माणसाला लवकर जमते.

हिशेब येत असल्याचा फायदा कुठे होतो?

समजा, चाकणच्या एका कारखान्यात १०० नग आले. गोदामात आवक नोंदवली गेली, पण पुरवठादाराचे बिल अजून यायचे आहे. प्रणाली त्याच क्षणी साठ्याचे खाते नावे टाकते आणि जमा बाजू ‘जीआर/आयआर’ नावाच्या मधल्या खात्यावर ठेवते. बिल नोंदवले की हे मधले खाते नावे पडते आणि पुरवठादाराच्या खात्यावर रक्कम जमा होते. कोणता व्यवहार कोणत्या खात्यावर जावा, हे सल्लागाराने आधीच प्रणालीत ठरवून दिलेले असते. यालाच कॉन्फिगरेशन म्हणतात. त्यात कोड लिहायचा नसतो, बहुतेक वेळा तक्तेच भरायचे असतात.

आता बिल ९५ नगांचेच आले, तर? उरलेल्या ५ नगांची रक्कम मधल्या खात्यावर लोंबकळत राहते आणि कोणी लक्ष दिले नाही, तर थेट ताळेबंदात जाते. कोणत्या स्क्रीनवर काय भरायचे हे दोन-तीन महिन्यांच्या क्लासमध्ये शिकवता येते. पण ती रक्कम खरेच देणे आहे, की गोदामात मोजणी चुकली, की पुरवठादार दुसरे बिल पाठवणार आहे, हे प्रश्न विचारायला ‘मार्च एंड’ची दोन-चार वर्षे काढलेला माणूस लागतो. ग्राहक कंपनीचा फायनान्स प्रमुख सल्लागाराशी बोलतो तेही याच भाषेत.

भारतात त्यात कायद्याची भर पडते. ई-इनव्हॉइस ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांवरील उलाढालीसाठी सक्तीचे झाले. ऑगस्ट २०२३ पर्यंत ही मर्यादा ५ कोटींवर आली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा आला. कंत्राटदारांसाठीचे १९४सी, व्यावसायिक शुल्कासाठीचे १९४जे ही अकाउंट्समध्ये तोंडपाठ असलेली कलमे गेली आणि टीडीएसच्या बहुतेक तरतुदी कलम ३९३ मध्ये एकत्र झाल्या. असा प्रत्येक बदल कोणीतरी प्रणालीत उतरवावा लागतो.

मग अडते कुठे?

अनुभवाच्या रकान्यात. सल्लागार कंपन्या ‘दोन पूर्ण अंमलबजावणी प्रकल्प’ असा अनुभव मागतात. अकाउंट्समधली सहा वर्षे त्यात धरली जातीलच असे नाही. हाती फक्त प्रमाणपत्र असलेला तिशीचा उमेदवार कंपनीच्या लेखी कित्येकदा फ्रेशरच ठरतो. तोही फ्रेशरपेक्षा जास्त पगार मागणारा. मागणी आहे ती काम करून बसलेल्यांना, आणि क्लासच्या जाहिरातीतून नेमकी हीच गोष्ट गळते.

इथेच एक घातक सल्ला पुढे येतो : ‘दोन-तीन वर्षांचा अनुभव दाखवून देऊ.’ बनावट कंपनीचे पत्र, तयार बायोडाटा, मुलाखतीची पाठ केलेली उत्तरे. नोकरी देणाऱ्या मोठ्या कंपन्या पार्श्वभूमी पडताळणीत भविष्य निर्वाह निधीच्या यूएएनवरचा सेवा इतिहास आणि फॉर्म २६एएस तपासतात. कोणत्या मालकाने कधी पीएफ भरला आणि कोणी टीडीएस कापला, हे तिथे दिसते. पकडले गेल्यावर नोकरी जाते आणि जुनी, प्रामाणिक वर्षेही संशयात येतात. टीडीएस जुळवण्यात हयात घालवलेल्या माणसाने २६एएसमध्ये अडकावे, याला काय म्हणायचे!

क्लासशिवाय दुसरी वाट आहे का?

आहे, पण ती संथ आहे आणि तिची जाहिरात होत नाही. एखादी कंपनी ईआरपी बसवते किंवा बदलते, तेव्हा प्रत्येक विभागातून एक-दोन माणसे ‘कोअर यूजर’ म्हणून प्रकल्पावर दिली जातात. सल्लागाराला कामाची पद्धत समजावणे, चाचणीची प्रकरणे लिहिणे, सुरुवातीच्या शिलका जुळवणे, सहकाऱ्यांना शिकवणे हे त्यांचे काम. रोजचे काम तसेच राहते, त्यामुळे बरेच जण यातून अंग काढतात. सल्लागार व्हायचे असेल, तर मात्र हीच जागा मागून घ्यावी, कारण बायोडाटात खरा प्रकल्प दाखवता येतो तो इथूनच. ईसीसीवरून एस/४हानावर जाणाऱ्या कंपन्यांत ही संधी सध्या आहे. भोसरी, रांजणगाव, वाळूजच्या पट्ट्यातील कारखान्यात अकाउंट्स सांभाळणाऱ्याने क्लासची चौकशी करण्याआधी स्वतःच्या कंपनीचा बेत विचारलेला बरा. क्लास त्यानंतरही लावता येतो. फक्त तिथे ईसीसी शिकवतात की एस/४हाना, हे आधी विचारावे.

महिनाअखेरीची धावपळ सुटेल, म्हणून कोणी अकाउंट्स सोडत असेल, तर तेही जपून. सपोर्टच्या कामात सर्वाधिक फोन महिनाअखेरीलाच येतात आणि जुन्यावरून नव्या प्रणालीवर जाण्याचे काम कंपन्या शक्यतो जोडून आलेल्या सुट्ट्यांत उरकतात. परदेशी ग्राहक असेल, तर रात्रपाळीही येते.

एआयमुळे हे कामच जाईल का?

एसएपीने २०२३ मध्ये ‘जूल’ हा एआय सहायक आणला. ठरावीक कॉन्फिगरेशन, चाचणीची प्रकरणे, दस्तऐवज अशी कामे अशा साधनांमुळे जलद होतील. आतापर्यंत नवखे सल्लागार शिकत आले ते याच कामांवर. म्हणजे आधीच अरुंद असलेले प्रवेशद्वार आणखी अरुंद होण्याची शक्यता आहे. ५ नगांचा हिशेब लागेना म्हणून गोदामात फोन करणाऱ्या माणसाचे काम मात्र इतक्यात जाईल, असे दिसत नाही.