घड्याळ नको, शिल्लक बघा

'आत्ता नाही तर कधीच नाही' या भीतीपोटी धंद्यात उडी मारणारे बरेच जण आहेत. तुम्हीही त्यातले असाल, तर आधी एका कॉम्प्युटर गेमबद्दल वाचा.

गेमचं नाव डॉर्फरोमांटिक. बर्लिनमध्ये गेम डिझाइन शिकणाऱ्या चार विद्यार्थ्यांनी तो बनवला. सुरुवातीला षटकोनी टाइल्सचा एक गठ्ठा मिळतो. टाइल्सवर जंगल, शेतं, घरं, नदी, रेल्वे. कडेला कड जुळवत एकेक टाइल ठेवायची आणि गाव वाढवत न्यायचं. टायमर नाही, शत्रू नाही. एका टाइलवर अर्धा तास विचार करा, कोणी हटकणार नाही.

मग गेम संपतो कधी? गठ्ठा संपला की! काही टाइल्स छोटं काम देतात: इतकी झाडं जोडा, इतकी घरं जोडा. ते पूर्ण केलं तर नव्या टाइल्स मिळतात.

आता गठ्ठ्याच्या जागी तुमचं भांडवल ठेवून बघा. माझं मत स्पष्ट आहे: छोट्या धंद्याला उशिरापेक्षा रिकामा गल्ला जास्त मारतो. समजा दोन लाख घेऊन उतरलात आणि दीड लाख डिपॉझिट, फर्निचर, बोर्ड यातच गेले. गिऱ्हाईक यायच्या आधीच गठ्ठा संपत आला ना? त्यापेक्षा घरूनच वीस डबे सुरू करा. आलेल्या पैशातून पुढची भांडी घ्या. पहिली टाइल अशी ठेवा, जी दुसरी मिळवून देईल.

त्या विद्यार्थ्यांनीही हेच केलं. मार्च २०२१ मध्ये गेम अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच, विक्रीला आणला. पूर्ण आवृत्ती आली एप्रिल २०२२ मध्ये. पुढे त्यावरून बोर्ड गेम निघाला आणि त्याला २०२३ चा 'श्पील देस यारेस' हा जर्मनीतला मानाचा पुरस्कार मिळाला.

तुम्ही म्हणाल, "सर, सीझन हुकला तर?" मान्य. दिवाळीचा फराळ दिवाळीनंतर कोण घेणार? पण सीझन आहे म्हणून कर्ज काढून पाचपट माल भरू नका. परवडेल तेवढाच भरा. दिवाळी पुढच्या वर्षीही आहे. तुम्ही टिकायला हवं.

आज रात्री वहीत दोन आकडे लिहा: हातात किती रक्कम आहे आणि महिन्याला किती खर्च होतो. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर येईल तेवढे महिने तुमच्या हातात आहेत. पुढची टाइल तो आकडा बघूनच ठेवा.