घरची भागीदारी

घरोब्याच्या माणसाशीं व्यापार करतांना कागदाची गोष्ट काढणें आपल्या लोकांस जड जातें. वसईजवळ वालीव-गोखिवऱ्याच्या बाजूस दोघां मावसभावांनीं लहानसा कारखाना काढला, तर "घरच्या घरांत नोंदणी कशाला?" असें वडीलधारेच म्हणतात. पुढें गिऱ्हाइकानें मालाचे पैसे थकविले, म्हणजे वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.

१९३२ च्या भागीदारी कायद्याच्या ६९ व्या कलमाप्रमाणें, नोंदणी नसलेल्या पेढीस करारावरून तिऱ्हाइतावर दावा आणतां येत नाहीं. तिऱ्हाइतास मात्र तिच्यावर आणतां येतो. दावा दाखल झाल्यावर नोंदणी केली, तरी हा दोष जात नाहीं. आणि येणें वसूल करण्याची मुदत साधारणतः तीनच वर्षांची.

भागीदारी मोडून हिशेब मागण्याची वाट मूळ कायद्यानें मोकळी ठेविली होती. महाराष्ट्रानें १९८४ सालीं तीहि अडविली. सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं ती पुन्हां खुली केली. पण त्या वाटेनें जाणें म्हणजे भावानें भावास कोर्टांत ओढणें. ती पाळी येऊं नये म्हणून, दुकानावर पाटी लावण्यापूर्वीं निबंधकाकडे नोंदणी करून घ्यावी, असें आम्ही आमच्या वाचकांस आग्रहानें सुचवितों.