विश्लेषण : निष्णात डॉक्टर असूनही चूक का होते? ‘ह्युमन फॅक्टर्स’ काय सांगतात?

शस्त्रक्रियागृहात अनुभवी डॉक्टर होते, उपकरणे होती आणि काय करायला हवे हे परिचारिकांना उमगलेही होते. तरीही ब्रिटनमधील एलेन ब्रोमिली यांचा जीव वाचला नाही. या घटनेने रुग्णसुरक्षेच्या प्रशिक्षणाला कशी दिशा दिली, याविषयी…

काय घडले होते?

२९ मार्च २००५ रोजी ३७ वर्षांच्या एलेन सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या. भूल दिल्यानंतर त्यांच्या फुप्फुसांपर्यंत हवा पोहोचवता येईना. काही मिनिटांतच ऑक्सिजनची पातळी ४० टक्क्यांपर्यंत घसरली. दोन भूलतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक घशातून नळी घालण्याचा प्रयत्न करत राहिले. अशा वेळी तो प्रयत्न थांबवून गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करायची असते. एका परिचारिकेने त्यासाठीचा संच आणून तसे सांगितलेही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट मागितली. पण आपण उगाच घाबरतो आहोत असे डॉक्टरांना वाटत असल्याचे जाणवून तिने ती रद्द केली. १३ दिवसांनी एलेन यांचा मृत्यू झाला.

वैमानिक पतीने काय केले?

एलेन यांचे पती मार्टिन हे वैमानिक. विमान अपघातानंतर होते तशी, दोषी शोधण्यासाठी नव्हे तर धडा घेण्यासाठी चौकशी व्हावी, असा आग्रह त्यांनी धरला. डॉक्टरांचे वेळेचे भान सुटले होते, लक्ष एकाच उपायावर खिळले होते आणि सूत्रे नेमकी कोणाकडे हे स्पष्ट नव्हते, असे त्यातून समोर आले.

हवाई क्षेत्राने हा धडा आधीच घेतला होता. १९७७ मध्ये टेनेरिफ येथे दोन विमानांच्या टकरीत ५८३ जण ठार झाले. धावपट्टी मोकळी आहे ना, ही फ्लाइट इंजिनीअरची शंका कॅप्टनने बाजूला सारली होती. त्यानंतर कनिष्ठाने शंका बोलून दाखवायची आणि वरिष्ठाने ती ऐकायची, याचे प्रशिक्षण वैमानिकांना मिळू लागले. मार्टिन यांनी २००७ मध्ये ‘क्लिनिकल ह्युमन फॅक्टर्स ग्रुप’ स्थापन करून हा विचार रुग्णालयांत नेला.

‘ह्युमन फॅक्टर्स’ म्हणजे काय?

माणूस थकतो, विसरतो, दडपणाखाली एकाच गोष्टीला चिकटून राहतो. हे गृहीत धरून उपकरणे, कामाची पद्धत आणि संवाद यांची रचना करण्याचे हे शास्त्र आहे. ‘काळजी घ्या’ असे बजावण्यापेक्षा चूक करणेच अवघड करायचे, हे त्याचे सूत्र. उदाहरणार्थ, शिरेतून द्यायचे कर्करोगाचे औषध पाठीच्या कण्यात टोचले गेल्याने रुग्ण दगावले आहेत. म्हणून कण्यात टोचायच्या सुईला नेहमीची सिरिंज बसूच नये, अशी वेगळी जोडणी तयार करण्यात आली.

प्रशिक्षणाने फरक पडतो का?

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आणली. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत तिच्या वापरानंतर मृत्यूचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर, तर गुंतागुंतीचे प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मात्र कॅनडातील ऑन्टारिओमध्ये १०१ रुग्णालयांच्या पाहणीत (२०१४) मृत्युदरात लक्षणीय घट दिसली नाही. खुणा करून कागद पूर्ण करणे आणि सर्वांनी थांबून एकमेकांशी बोलणे यांत फरक आहे, हा मुद्दा त्यावरील चर्चेत पुढे आला. म्हणूनच नक्कल प्रसंग उभे करून संपूर्ण चमूचा एकत्र सराव घेण्यावर भर दिला जातो.

भारतात काय स्थिती?

केंद्राने २०१८ ते २०२५ या काळासाठी राष्ट्रीय रुग्णसुरक्षा अंमलबजावणी आराखडा आखला. एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्याचाही समावेश आहे. खरा अडसर उतरंडीचा आहे. ‘सरांना कसे सांगायचे?’ हा प्रश्न निवासी डॉक्टरला पडतो, तसाच परिचारिकेलाही. चूक सांगणाऱ्यालाच शिक्षा होणार असेल, तर थोडक्यात टळलेल्या चुका नोंदवल्याच जात नाहीत आणि त्यांतून कोणी शिकतही नाही.

रुग्णांसाठी यात काय?

नाव काय, कोणत्या डोळ्याची शस्त्रक्रिया, कोणत्या औषधाची ॲलर्जी, असे प्रश्न वेगवेगळ्या व्यक्तींनी पुन्हा पुन्हा विचारणे हा निष्काळजीपणा नाही. ती सुरक्षेची पायरी आहे. दरवेळी पूर्ण उत्तर द्यावे. नेहमीपेक्षा वेगळी गोळी किंवा इंजेक्शन दिसले, तर ते घेण्याआधीच विचारावे.